मिरज जंक्शन, १:८७ : वळणाच्या बाहेरून काढलेला फोटो

सांगली, मिरज आणि साताऱ्यातल्या मॉडेल रेल्वेवाल्यांचा एक छोटा गट आहे. आपापल्या लेआउटचे, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेचे, फोटो फोनवरून एकमेकांना पाठवायचे आणि जमेल तेव्हा कुणाच्या तरी घरी भेटायचं, एवढंच त्याचं स्वरूप. त्यातल्या एका लेआउटचं, मिरज जंक्शनच्या छोट्या प्रतिकृतीचं, हे प्रकरण. नावं मुद्दाम देत नाही, कारण घरात महागाची मॉडेल्स असतात. लेआउटचे मालक मिरजेत औषधाचं दुकान चालवतात, त्यांना सगळे दादा म्हणतात. सांगलीच्या गावभागात राहणारे हळदीचे अडते म्हणजे काका. आणि रेल्वेतून पीडब्ल्यूआय म्हणून, म्हणजे रुळांच्या देखभालीची जबाबदारी सांभाळून, निवृत्त झालेले गृहस्थ म्हणजे साहेब.

दादांच्या लेआउटचे फोटो फार देखणे असत. त्या देखणेपणामुळेच त्यातला दोष कितीतरी महिने कुणाच्या नजरेला पडला नाही. चांगले कारागीर आणि अनुभवी माणसं एकत्र असूनही असं घडतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मिरजच का

ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तिन्ही मापं, जिथे एकत्र नांदली, अशी जंक्शनं देशात थोडीच. मिरज त्यातलं एक. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि पंढरपूरमार्गे वाढत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिचा गेज ७६२ मिलिमीटर. पुण्याकडून येणारी मूळची लाइन मीटरगेज होती, तिचं ब्रॉडगेज सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालं. बेळगावकडची मीटरगेज मात्र नव्वदच्या दशकापर्यंत टिकली. त्यामुळे मधली वीसेक वर्षं एकाच गावात तीन मापांचे रूळ होते. एका गेजच्या वाघिणीतला माल उतरवून हमालांनी दुसऱ्या गेजच्या वाघिणीत भरायचा, हा तिथला रोजचा उद्योग होता.

मॉडेलवाल्याला ही जागा मोहात पाडते, त्याला आणखी एक कारण आहे. एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल. मीटरगेजचे १००० मिलिमीटर या मापात साडेअकरा होतात आणि बाजारात १२ मिलिमीटरचा ट्रॅक मिळतो. नॅरोगेजचे ७६२ होतात पावणेनऊ, त्यासाठी एन या आणखी छोट्या, १:१६० च्या स्केलचा ९ मिलिमीटरचा ट्रॅक चालतो. अडतं ते आपल्या ब्रॉडगेजपाशी. १६७६ मिलिमीटरचे १९.३ व्हायला हवेत, पण एचओचा तयार ट्रॅक १६.५ चा, कारण तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलेला. तयार ट्रॅक वापरायचा म्हटलं की ही तडजोड आलीच, ती दादांनीही केली. तरी तिन्ही गेज शेजारीशेजारी ठेवले की फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी प्लायवूडच्या दोन फळ्या जोडून साडेतीन फूट रुंदीचा लेआउट मांडला. मागे ब्रॉडगेजचं लांबट वर्तुळ, त्याच्या दोन्ही टोकांची वळणं ४५७ मिलिमीटर त्रिज्येची, म्हणजे अठरा इंची. पुढच्या बाजूला नॅरोगेजचं छोटं टर्मिनस. मधे मीटरगेजसाठी सोडलेली पट्टी. ब्रॉडगेजवर परदेशी चॅसिसवर थ्रीडी प्रिंटची बॉडी चढवलेलं डिझेल इंजिन आणि आयसीएफचे, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनायचे तसे, डबे.

महिनोन्‌महिने आलेले फोटो

दादांचा हात फोटोत बसलेला आहे. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे जवळच्या वस्तूपासून लांबच्या वस्तूपर्यंत बरंच काही स्पष्ट येतं आणि मॉडेलच्या फोटोला नेमकं तेच लागतं. १:८७ मध्ये साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो. त्याच्या नजरेतून गाडी दिसायची तर लेन्स फळीपासून दोन बोटांवर यायला हवी. दादा फोन उलटा धरतात, लेन्स खाली येते आणि फलाटावर उभं राहून गाडी पाहिल्यासारखा फोटो मिळतो. पाठीमागे त्यांनी दंडोबाच्या डोंगराची रेघ रंगवली आहे आणि एकच दिवा बाजूनं लावून संध्याकाळचं ऊन आणलं आहे. लेआउटच्या मधल्या मोकळ्या जागेत हात घालून, वळणाच्या आतल्या बाजूनं काढलेला त्यांचा फोटो गटातल्या कित्येकांनी फोनच्या पडद्यावर लावला होता.

याच डाव्या वळणावर गाडी घसरत असे. चार डब्यांची गाडी निमूट जाई. सहा डबे लावले की तिसरा किंवा चौथा डबा रुळावरून उतरे. दादा हे शब्दांत सांगत, फोटो मात्र उभ्या गाडीचाच पाठवत. उत्तरं भरभरून येत. चाकं पुसा. कपलिंग बदला. डबा हलका असेल, वजन घाला. यातलं काहीच चुकीचं नव्हतं. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेलकारांच्या संस्थेची शिफारस अशी की डब्याचं वजन एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावं. आयसीएफचा डबा एचओत २४५ मिलिमीटरचा, म्हणजे वजन साधारण १६५ ग्रॅम हवं. दादांनी तराजूवर तोलून शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या, चाकांमधलं अंतर मापपट्टीनं तपासलं, कपलिंग बदलली. गाडी घसरायची ती घसरतच राहिली. पुढे त्यांनी सहा डबे लावणंच सोडलं. फोटो येत राहिले, त्यांत डबे चारच असत, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

काकांची मागणी

ही गाठ सुटली ती काकांमुळे. त्यांच्या मागणीमागे २०१९ चा पूर आहे.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या काकांच्या घरात तळमजल्यावर त्यांचा लेआउट होता. इंजिनं आणि डबे खोक्यांत भरून त्यांनी वर नेले, फळी कशी नेणार? पाणी ओसरल्यावर प्लायवूडचे पदर सुटलेले, रूळ चिखलात आणि खालची सगळी वायरिंग सडलेली होती. पुन्हा उभारायचं ठरवल्यावर त्यांनी सगळ्यांकडून आपल्या लेआउटचे जुने फोटो मागवले. ढिगानं आले. इंजिनाचे, स्टेशनाचे, पुलाचे, रात्रीच्या दिव्यांचे. यार्डातले सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, नेमके कुठे होते, कुठली वायर कुठल्या स्विचला जात होती, मागचा कोपरा कसा वळला होता, हे त्यांतल्या एकाही फोटोत नव्हतं. अखेर उपयोगी पडला तो एका सभासदाच्या लहान मुलीनं खेळता खेळता फळीखालून काढलेला एक तिरपा फोटो. त्यावरून काकांनी अर्धी वायरिंग जुळवली.

तेव्हापासून काका प्रत्येकाकडे सुंदर फोटोबरोबर आणखी एक फोटो मागतात, जो आपण होऊन कुणी पाठवणार नाही असा. फळीच्या खालचा, मागच्या भिंतीकडचा, अर्धवट राहिलेल्या जागेचा. काहींना हा त्रास वाटतो. मला ती गटातली सगळ्यात मोलाची सवय वाटते. मॉडेलच्या दुनियेत जॉन अॅलन हे नाव फार आदरानं घेतात. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचे हे गृहस्थ पेशानं छायाचित्रकार होते आणि त्यांचा एचओ लेआउट जगभर पोचला तो त्यांच्या फोटोंमधून. १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच तो लेआउट आगीत नष्ट झाला. लोक आजही त्या फोटोंवरून त्याचा अभ्यास करतात. लेआउट ही किती नाशवंत वस्तू आहे हे काकांना कुणी सांगायला नको.

काकांनी दादांना लिहिलं, की डबा घसरतो त्या जागी गाडी उभी करा आणि वळणाच्या बाहेरून, रुळाच्या पातळीवरून फोटो काढा, झूम करून.

दादांना हे अवघड होतं. बाहेरची बाजू भिंतीला लागून होती आणि तिथे डोंगराचा पडदा होता. पडदा काढायचा म्हणजे सगळी शोभाच उतरवायची. आठवडाभर त्यांनी टाळलं. मग एका रविवारी दुकान बंद असताना फळी भिंतीपासून ओढून त्यांनी तो फोटो काढला. मागे पिवळी भिंत, लटकणाऱ्या वायरी, कडेला सांडलेला फेव्हिकॉल.

बाहेरून काय दिसलं

वळणाच्या आतून पाहिलं की डबे एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसतात, त्यांच्यातल्या फटी मिटतात आणि वळण आहे त्यापेक्षा सौम्य भासतं. बाहेरून पाहिलं की फटी उघडतात आणि डब्यांची टोकं रुळाबाहेर किती लोंबतात ते उघडं पडतं. त्यात झूम केलं की लांबीची दिशा आक्रसते आणि रुळातली बारीक वाकडीतिकडी चालसुद्धा ठळक होते. खरा रूळ तपासताना गँगचा मुकादम खाली वाकून, डोळा रुळाच्या माथ्याशी लावून लांबवर बघतो, तो याचसाठी.

साहेब गटात असून नसल्यासारखे होते. कुणाच्याही फोटोवर त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. इंजिनाच्या रंगाबद्दल आपण काय बोलणार, असं त्यांना वाटे, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. हा फोटो आला आणि त्यांचा लगेच फोन आला, की लाइनीत कोन पडलाय, जॉइंटवर. इंजिन नाही, डबा नाही, त्यांनी फक्त रूळ पाहिला होता. पुढच्या रविवारी ते मिरजेला गेले. सोबत नेलं काय, तर शिवणकामाचा दोरा आणि सहा इंची स्टीलची पट्टी.

पुढे त्यांनी जे केलं ते मी मॉडेलच्या कुठल्याच मार्गदर्शनात वाचलेलं नाही, म्हणून नीट सांगतो. रेल्वेत वळण तपासताना बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला २० मीटरची दोरी ताणून धरतात आणि दोरीच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर मोजतात. त्याला व्हर्साइन म्हणतात. दर दहा मीटरवर हे माप घेत पुढे जायचं. वळण एकसारखं असेल तर मापं एकसारखी येतात. साहेबांनी २० मीटरच्या जागी २०० मिलिमीटरचा दोरा घेतला. सूत्र तेच, दोऱ्याच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ४५७ त्रिज्येच्या वळणावर माप ११ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. एका जागी ८ आलं आणि जरा पुढे १५. १५ म्हणजे त्या ठिकाणी त्रिज्या जेमतेम ३३३ मिलिमीटर. दादा ज्याला अठरा इंची वळण समजत होते, त्यात एक तुकडा तेरा इंची निघाला.

कारण साधं होतं. फ्लेक्स ट्रॅकचे, म्हणजे हवा तसा वाकवता येणाऱ्या तयार रुळाचे, दोन तुकडे वळणावरच जोडलेले. फ्लेक्स ट्रॅक वाकवला तरी त्याचं टोक सरळ राहू पाहतं, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना रूळ थोडा सरळ आणि नेमक्या जोडावर कोन. त्यात हा जोड दोन फळ्या जुळतात तिथेच आलेला. चार डब्यांचा ओढा कमी, म्हणून ते निभावत. सहा डब्यांची गाडी त्या कोनावर मधल्या डब्याला आतल्या बाजूला ओढून पाडत असे. वजन वाढवून किंवा चाकं पुसून हे कधीच सुटलं नसतं.

साहेबांनी दुसरी गोष्ट दाखवली ती वळणाच्या सुरुवातीची. खऱ्या लाइनीवर सरळ रूळ एकदम वळणाला मिळत नाही, मधे हळूहळू घट्ट होत जाणारा संक्रमणाचा भाग असतो. दादांच्या लेआउटवर सरळ संपलं की लगेच वळण सुरू. फोटोत पहिल्या डब्याचं टोक तिथे झटक्यानं बाहेर फेकलेलं स्पष्ट दिसत होतं.

त्रिज्येचा हिशेब

त्या दिवशी साहेबांनी कागदावर मांडलेला हिशेब दादांनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला, आणि माझ्या दृष्टीनं गटात फिरलेला तो सगळ्यात उपयोगी फोटो. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंशांचं वळण चालतं, त्रिज्या १७५ मीटर. मीटरगेजला १६ अंश, १०९ मीटर. नॅरोगेजला ४० अंश, ४४ मीटर. आता प्रत्येकाला ८७ नं भागा. ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळणसुद्धा एचओत दोन मीटर त्रिज्येचं होतं, म्हणजे अर्धं वर्तुळ पुरं करायलाच चार मीटर रुंदीची खोली हवी. मीटरगेजला सव्वा मीटर त्रिज्या. आणि नॅरोगेजला अवघे ५०० मिलिमीटर, घरच्या टेबलावर मावतील एवढे.

याचा अर्थ असा, की घरगुती लेआउटवर ब्रॉडगेजचं वळण खोटंच असणार, पण बार्शी लाइटचं वळण मापाला माप खरं करता येतं. साताऱ्याचे आमचे एक मित्र एन स्केलमध्ये आदर्की घाट करतात. त्या घाटातल्या मोठ्या वळणांवर गाडीचं इंजिन आणि शेवटचा डबा एकाच वेळी दिसतात, तो देखावा त्यांना हवा आहे. हा कागद पाहून त्यांनी आपला आराखडा पुन्हा काढायला घेतला. १:१६० मध्येही एक किलोमीटर सव्वासहा मीटरचा होतो, त्यामुळे सगळा घाट न घेता एकच वळण पूर्ण त्रिज्येनं करायचं त्यांनी ठरवलं आहे. मला हा निर्णय फार पटला.

दादांपुढे दोन वाटा होत्या. गोल फिरणारी गाडी सोडून द्यायची आणि ब्रॉडगेज नुसती सरळ यार्डातून नेऊन शंटिंगचा, म्हणजे डबे मागेपुढे नेऊन जोडण्या-सोडवण्याचा, लेआउट करायचा, किंवा खोलीत आणखी जागा काढायची. माझं मत पहिल्या बाजूनं होतं. मिरजेचं वैशिष्ट्य यार्डात आहे, गोल गोल फिरण्यात नाही. दादांच्या मुलाला मात्र गाडी फिरताना बघायची असते, आणि घरातल्या लेआउटचा तो मान राखायलाच हवा. लांब डब्याच्या अडीचपट त्रिज्या असली तर गाडी बऱ्यापैकी धावते, तिप्पट असेल तर उत्तम, असा मॉडेलवाल्यांचा ठोकताळा आहे. २४५ ची अडीचपट ६१२. दादांनी कपाट हलवून लेआउटची रुंदी साडेचार फूट केली आणि २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटरचं वळण बसवलं. फ्लेक्स ट्रॅकचे तुकडे सरळ असतानाच सोल्डर करून जोडले आणि मग एकसंध वाकवले. जोड फळ्या जुळतात त्या जागेपासून लांब घेतला. वळण सुरू होण्याआधी लवचीक लाकडी पट्टी वाकवून संक्रमणाची रेघ आखली. साहेबांनी पुन्हा दोरा धरला, मापं आठ मिलिमीटरच्या आसपास आली, ६१० ला हवीत तेवढी. सहा डबे न घसरता फिरले. नंतर आठ लावले, तेही फिरले.

त्यानंतर येणारे फोटो

फोटोंची तऱ्हा हळूहळू बदलली. आता अडचणीच्या जागेचा फोटो असेल तर त्यात स्टीलची पट्टी ठेवलेली असते. कुठून काढला आणि काय विचारायचं आहे ते एका ओळीत लिहिलेलं असतं. असा फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, नाहीतर बारकावे दाबले जातात. एक खबरदारी इथे घ्यावी. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फोटोत जागेची नोंदही तशीच जाऊ शकते, म्हणून घरात फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करावं.

सुंदर फोटो कमी झाले नाहीत. दादांचे संध्याकाळच्या उन्हातले फोटो आजही येतात आणि मला ते मनापासून आवडतात. लेआउट शेवटी त्या आनंदासाठीच असतो. फरक एवढाच, की ज्यांच्याकडे दाखवण्यासारखं देखणं काही नव्हतं तेही आता पाठवतात. इस्लामपूरकडचा एक विद्यार्थी दोन वर्षं नुसता बघत होता. त्यानं पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या रुळाच्या एकाच सांध्याचा फोटो पाठवला आणि त्यातला सरकणारा काटा पूर्ण बसत का नाही ते विचारलं. त्याला संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं.

साहेब तर आता सगळ्यात बोलके आहेत. दादांच्या एका फोटोत निळा डबा आणि नॅरोगेजचं वाफेचं इंजिन शेजारीशेजारी होतं, त्यावर त्यांनी हरकत घेतली. निळा रंग नव्वदच्या दशकात एअर ब्रेकच्या डब्यांबरोबर आला, तिन्ही गेज एकत्र होते तेव्हाचे डबे विटकरी. मग लेआउट कुठल्या काळातला, हा प्रश्न पहिल्यांदाच नीट विचारला गेला. बरीच चर्चा होऊन दादांनी ऐंशीचं दशक धरलं आहे. आठपैकी पाच डबे विटकरी करून झाले. फलाटाच्या उंचीवर साहेबांची दुसरी हरकत आहे. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळापासून फार तर ८४० मिलिमीटर, म्हणजे एचओत पावणेदहाच्या आत हवा, दादांचा बारा आहे. तो खरवडायचं काम चालू आहे. मीटरगेजच्या पट्टीसाठी १२ मिलिमीटरचा ट्रॅक परदेशातून मागवला आहे. तो आला की मालाच्या अदलाबदलीची शेड कुठे बसवायची ते ठरेल, आणि त्यासाठी काका हमालांच्या छोट्या आकृत्या रंगवत बसले आहेत.